तळाला शिक्का नाही, म्हणून बाटली खोटी ठरत नाही

प्रश्न : गिरगावातली आमची चाळ पुनर्विकासाला गेली. खोली रिकामी करताना आजीच्या पत्र्याच्या ट्रंकेत, नऊवारीच्या घड्यांखाली, सुपारीच्या डब्यात एक बाटली सापडली. साडेसहा सेंटिमीटर उंच, चपटी, पांढरी. वर लाल रंगात मासे आणि कमळं, हिरवं बूच, बुचाला आत छोटा चमचा. आजोबा फोर्टातल्या एका पारशी पेढीवर कारकून होते. शेटजींनी चीनहून आलेली वस्तू त्यांना बक्षीस दिली, असं आई सांगायची. आजी तिच्यात तपकीर ठेवत असे. तळाला काहीच लिहिलेलं नाही, मग ती नकली समजायची का? जुन्या वस्तूंच्या एका दुकानदारानं पाहताक्षणी चार हजार देऊ केले. लंडनचा भाचा म्हणतो, मावशी, माझ्याबरोबर दे, इथे लिलावात लाखो येतील. इंटरनेटवर तर कोटींचे आकडे दिसतात. नक्की किंमत किती समजायची? चुलतभावाला अजून बोलले नाही, म्हटलं आधी किंमत कळू दे. (एक वाचक, बोरिवली)

ताई, बाटली अजून धुतली नसेल तर कृपा करून धुऊ नका. तुमच्या तिसऱ्या फोटोत गळ्याशी जो तपकिरी थर दिसतो, तो मळ नाही. ती तपकीर आहे. चीनमधली असण्याची शक्यता फार कमी, तुमच्या आजीचीच असणार. पण ही बाटली शोभेला बसून राहिली नाही, कुणाच्या तरी कनवटीला होती, याची ती खूण आहे आणि नळाखाली ती अर्ध्या मिनिटात जाईल.

इतक्या कळकळीनं सांगते, कारण धुतलेली एक बाटली मी पाहिली आहे. ओळखीच्या एका बाईंकडे आतून चित्र काढलेली काचेची बाटली होती. अशा बाटलीत चित्रकार टोकाशी आकड्यासारखी वाकवलेली बांबूची लेखणी त्या एवढ्याशा तोंडातून आत घालतो आणि काचेच्या आतल्या बाजूवर सगळं उलट्या क्रमानं रंगवतो. रंग पाण्यात कालवलेले असतात. बाईंनी दिवाळीच्या साफसफाईत ती कोमट पाण्यात बुडवून ठेवली. मी पोचले तेव्हा वरचा डोंगर तेवढा उरला होता. खालचं झाड गेलं होतं, आणि होडीतल्या माणसाच्या जागी राखाडी डाग होता. तुमची बाटली त्या जातीची नाही, तरी मऊ कोरड्या ब्रशच्या पुढे जाऊ नका. बूच घट्ट बसलं असेल तर पिळू नका. चमचा बुचाला नुसता चिकटवलेला असतो, पहिला तोच मोडतो.

आता ही वस्तू काय आहे ते पाहू. चिनी भाषेत तिला ‘बीयेन हू’ म्हणतात. बीयेन म्हणजे नाकाचा धूर, म्हणजेच तपकीर, आणि हू म्हणजे भांडं. युरोपात तपकिरीची डबी असायची, आपल्याकडेही डबीच. चीनमध्ये बाटली आली, कारण दमट हवेत डबीतली तपकीर सर्दावते आणि बूच लावलेल्या बाटलीत कोरडी राहते. औषधाच्या लहान बाटल्या तिथे आधीपासून वापरात होत्याच. तपकीर मात्र युरोपीय लोकांनी नेली. १६८४ साली कांगशी सम्राट दक्षिणेच्या दौऱ्यावर नानचिंगला आला असताना जेझुइट पाद्र्यांनी त्याला भेटवस्तू दिल्या. त्यानं बाकी सगळ्या परत केल्या आणि तपकीर तेवढी ठेवून घेतली, अशी नोंद आहे. याच सम्राटानं १६९६ मध्ये राजधानीत काचेचा कारखाना काढला, किलियन श्टुम्फ या जर्मन पाद्र्याच्या देखरेखीखाली. तुमच्या बाटलीचं कूळ शोधायचं तर तिथपर्यंत मागे जावं लागतं.

कारण तुमची बाटली काचेची आहे. चिनी मातीची नव्हे आणि दगडाचीही नव्हे. आधी पांढऱ्या काचेची बाटली फुंकून घेतात, तिच्यावर लाल काचेचा थर चढवतात आणि गार झाल्यावर नको तिथली लाल काच फिरत्या चाकावर, ओल्या वाळूनं घासून काढून टाकतात. जे उरतं ते चित्र. म्हणजे तुमचा मासा पांढऱ्यावर रंगवलेला नाही. त्याच्याभोवतीची सगळी लाल काच कुणीतरी दिवस दिवस बसून झिजवली आहे. जेडसारखे कडक दगड कोरणाऱ्यांची जी हत्यारं, तीच या कामाची. खालची पांढरी काचही साधी पांढरी नाही. तिच्यात भुरभुर पडल्यासारखे ठिपके आहेत. अशा काचेला जाणकार ‘हिमकण’ म्हणतात.

तुम्ही घरी काय पाहायचं ते सांगते. दहापट मोठं दाखवणारं, सोनार वापरतात तसलं भिंग घ्या आणि सकाळी खिडकीशी बसा. ट्यूबलाइटखाली हे काम होत नाही. माशाच्या कडेवरून नख फिरवा. चाकावर कापलेली कड सरळ खाली उतरते, नखाला पायरीसारखी लागते. साच्यात ओतलेल्या स्वस्त मालाची कड महिनाभर वापरलेल्या साबणाच्या वडीसारखी गोल झालेली असते, आणि बाजूनं पाहिलं तर साच्याच्या जोडाची बारीक रेघही बरेचदा सापडते. मग माशामधल्या मोकळ्या जागेकडे वळा. बाटली तिरपी धरून उजेड त्यावर सरकू द्या. चांगल्या कामात पांढरी जमीन सपाट आणि शांत दिसते. हलक्या कामात ती रस्त्याच्या डांबरासारखी खालीवर दिसते. कुठे कुठे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसतील. ते काचेतले बुडबुडे आहेत, चाक त्यांच्यावरून गेल्यामुळे उघडे पडलेले. ते पाहून घाबरू नका, उलट बरं वाटू द्या. शेवटी बाटली गालाला लावा. काच गार लागते, प्लास्टिकसारख्या राळेत ओतलेली नक्कल लगेच कोमट होते. तापलेली सुई टोचून पाहा असा सल्ला कुणी देईल, तो अजिबात ऐकू नका.

तुमचा दुसरा फोटो मी मोठा करून बराच वेळ पाहिला. शेपटीची प्रत्येक रेघ वेगळी कापली आहे. खालच्या टोकाला एके ठिकाणी चाक किंचित पुढे गेलं आहे, केसभर. साच्यातून निघालेल्या मालात अशी एकटी चूक नसते. दोन्ही अरुंद बाजूंना, खांद्यापाशी, सिंहाचं तोंड आणि त्यात लोंबती कडी आहे. आपल्या जुन्या वाड्यांच्या दारावर असते तशीच. या बाटल्यांवर ती पुष्कळदा असते आणि कारागिराचा हात जोखायला उत्तम जागा असते, कारण सुमार माणूस तिथे घाई करतो. तुमच्या बाटलीवर कडीच्या आतली पांढरी जमीनही नीट साफ केलेली आहे.

चित्राचंही एक गुपित आहे. चिनी भाषेत कमळाला ‘ल्येन’ म्हणतात आणि ‘सतत’ या शब्दाचा उच्चारही ल्येनच. मासा म्हणजे ‘यू’, आणि ‘शिल्लक उरणं’ हेही यू. कमळ आणि मासा एकत्र काढले की त्याचा अर्थ होतो : वर्षानुवर्षं तुमच्या घरात पुरून उरो. आपल्याकडे वाण देताना जी भावना असते, तीच. म्हणजे ही बाटली मुळात कुणालातरी भेट द्यायलाच केली असण्याची शक्यता मोठी आहे, आणि शेटजींनी ती भेट म्हणूनच पुढे दिली. मला हे फार आवडलं.

आता तळाच्या शिक्क्याबद्दल. तो नाही याची तुम्हाला एवढी काळजी वाटते आहे, आणि मला तो नाही याचं जराही वाईट वाटत नाही. चांगल्या चांगल्या बाटल्यांना शिक्का नसतो, दोन थरांच्या काचेला तर क्वचितच. उलट ‘छ्येनलुंगच्या काळात बनवलं’ असा चार अक्षरांचा शिक्का त्या सम्राटाच्या राज्यानंतर दीडशे-दोनशे वर्षांनी केलेल्या मालावरही सर्रास मारलेला असतो. कधी जुन्या सम्राटाच्या आदरापोटी, कधी गिऱ्हाइकाच्या खिशाकडे पाहून. नाव कुणीही कोरू शकतं. काम मात्र ज्याला येतं त्यालाच येतं. दगडी बाटलीचं तर पोट पाहावं. अकीक किंवा स्फटिकाचा गोटा एवढ्याशा तोंडातून आत इतका पातळ कोरलेला असतो की ती बाटली पाण्यावर तरंगते. हे मी एका संग्राहकाच्या घरी स्टीलच्या पातेल्यात पाहिलं आहे. दगड तरंगताना पाहिल्यावर तळाला काय लिहिलंय हे विचारायचं कुणाला सुचत नाही.

वयाचं म्हणाल तर, चीनच्या शेवटच्या, छिंग राजवटीतली, एकोणिसाव्या शतकातली असावी असं माझं मत आहे. छ्येनलुंग सम्राटाच्या काळात, म्हणजे अठराव्या शतकात, तिला ढकलायचं धाडस मी फोटोवरून करणार नाही, आणि कुणी केलं तर त्याला कारण विचारा. तळाची लाल कडा भिंगाखाली धरा. शंभर वर्षं फळीवर, ताटात, डब्यात ठेवली-उचललेली बाटली असेल तर ओरखडे हव्या त्या दिशेनं गेलेले दिसतील. सगळे एकाच दिशेनं, शिस्तीत असतील तर ते पॉलिशपेपरचं काम आहे. आणखी एक, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिगारेट आली, तपकीर मागे पडली, पण बाटल्या बनणं थांबलं नाही. प्रवाशांसाठी आणि संग्राहकांसाठी त्या होत राहिल्या, आजही होतात. म्हणून ‘जुन्या पद्धतीची’ आणि ‘जुनी’ यांत गल्लत करू नका.

आईनं सांगितलेली गोष्ट खरी असू शकते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुंबईचे पारशी व्यापारी कापूस आणि अफू घेऊन चीनच्या कँटन बंदरात जात होते. जमशेटजी जीजीभाईंनी तरुणपणी चीनच्या पाच सफरी केल्या होत्या. परतताना चहा, रेशीम, चिनी मातीची भांडी, पारशी बायका नेसतात त्या ‘गारा’ भरतकामाच्या साड्या येत, आणि अशी एखादी चीजही खिशातून येत असेल. पण घरची आठवण हा पुरावा होत नाही, तो करावा लागतो. आजोबांचा पेढीवरचा एखादा कागद, त्या काळचं पत्र, आजीच्या हातात बाटली असलेला फोटो, काहीही शोधा. नसेल तर आई काय सांगायची ते तिच्याच शब्दांत लिहून काढा आणि खाली तारीख घाला. सुपारीचा तो डबाही भंगारात देऊ नका. वस्तू कुठे, कशासोबत सापडली हे एकदा हरवलं की परत मिळत नाही.

चेहरामोहरा ओळखायला डोळा तयार व्हावा लागतो, त्यासाठी बोरिवलीहून चर्चगेटची लोकल पकडा. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा यांनी दिलेल्या चिनी-जपानी कलावस्तू आहेत. तिथे तासभर काचेला नाक लावून उभ्या राहा. जेड, लाख, चिनी माती यांवरचं उत्तम काम कसं दिसतं ते एकदा पाहिलं की तुमच्या बाटलीकडे तुम्ही वेगळ्याच नजरेनं पाहाल. मात्र तिथे किंमत विचारू नका. संग्रहालयं किंमत सांगत नाहीत, आणि सांगूही नये.

आता पैशांचं. इंटरनेटवरचे कोटी खोटे नाहीत, पण ते तुमचे नाहीत. मेरी आणि जॉर्ज ब्लॉख यांचा जगप्रसिद्ध संग्रह २०१० ते २०१५ या काळात हाँगकाँगला टप्प्याटप्प्यानं लिलावात निघाला, आणि त्यातल्या काचेवर मिनाकाम केलेल्या एका शाही बाटलीला २०११ मध्ये अडीच कोटी हाँगकाँग डॉलरच्या वर किंमत आली. ती राजवाड्याच्या कारखान्यातली होती. जुनी आहे एवढ्यानं बाटली दुर्मीळ होत नाही. छ्येनलुंगचा लाडका मंत्री हेशेन याची मालमत्ता १७९९ मध्ये जप्त झाली, तेव्हा त्याच्या एकट्याकडे दोन हजारांवर तपकिरीच्या बाटल्या निघाल्या असं सांगतात. यावरून त्या किती बनत होत्या याचा अंदाज येईल.

तुमच्यासारख्या एकोणिसाव्या शतकातल्या, दोन थरांच्या काचेच्या, शाही नसलेल्या बाटल्या परदेशी लिलावांत साधारण काही शे डॉलरपासून दोन-अडीच हजार डॉलरपर्यंत जातात. त्या पट्ट्यात तुमची कुठे बसेल हे तीन गोष्टींवर ठरेल. काम चांगलं आहे, ते वर नेईल. बूच मूळचं वाटत नाही, हिरव्या काचेचं आणि गळ्याला जरा मोठं आहे. त्यानं थोडंच कमी होतं, कारण बुचं बदललेलीच असतात. खरी चिंता तोंडाची आहे. पहिल्या फोटोत ओठाला टवका उडाल्यासारखं वाटतं. त्याहून वाईट म्हणजे, मोडलेला गळा पूर्वी कुणी घासून खाली आणला असेल तर बाटली मान आखडल्यासारखी दिसते, आणि किंमत निम्म्याच्याही खाली येऊ शकते. बोट फिरवून पाहा. कुठे लिलावाचे आकडे शोधलेत तर मागितलेली किंमत बघू नका, हातोडा पडलेली किंमत बघा. दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर असतं.

दुकानदारानं चार हजार सांगितले म्हणून तो लबाड ठरत नाही, त्याला दुकान चालवायचं असतं. पण जो विकत घेणार आहे त्याच्याकडून किंमत ठरवून घेऊ नये. एखाद्या लिलावसंस्थेला फोटो पाठवा. प्राथमिक अंदाज बहुतेक ठिकाणी फुकट मिळतो, आणि दोन ठिकाणचे मिळाले तर उत्तम. पुढे विकायचंच ठरलं तर पुरावस्तूंच्या व्यापाराचा परवाना असलेल्यालाच विका आणि पावती घ्या. त्याआधी चमचा बघा. भिंगाखाली बारीक काळपट ठिपके किंवा रेघा दिसल्या तर तो हाडाचा असण्याची शक्यता आहे. पण हस्तिदंत असेल तर आपल्याकडे त्याची खरेदी-विक्री बंद आहे, बाटलीबरोबर तो देता येणार नाही.

भाच्याला स्पष्ट नाही म्हणा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. ती मूळची चीनची आहे म्हणून सूट मिळत नाही. शिक्षा कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त तीन वर्षं, आणि वर दंड. बाटली शंभर वर्षांच्या आतली आहे असं वाटत असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तसा दाखला घ्यावा लागतो, विमानतळावर तोंडी सांगून भागत नाही. म्हणजे लंडन-हाँगकाँगचे दर आज तुमच्या उपयोगाचे नाहीत. तुमची किंमत इथल्या बाजाराची, आणि इथे चिनी तपकिरीच्या बाटल्यांचे जाणते गिऱ्हाईक थोडे. वर दिलेल्या पट्ट्याच्या खालच्या टोकाशी मनाची तयारी ठेवा. (ट्रंकेत सापडली हे एका अर्थी बरं. भिंतीत किंवा जमिनीत पुरलेली सापडली असती तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं आलं असतं.)

पत्राची शेवटची ओळ तुम्ही घाईनं लिहिलीत, पण मी तिच्याकडे पुन्हा पुन्हा गेले. आजीची ट्रंक म्हणजे चुलतभावाचीही आजी. किंमत कळल्यावर सांगू, असं तुम्ही म्हणता. किंमत कळल्यावर सांगणं फार अवघड होतं, ताई. आकडा मोठा निघाला तर ‘इतके दिवस का लपवलंस’ हा प्रश्न येतो, आणि छोटा निघाला तर तो खरा आहे यावर विश्वास बसत नाही. आज तुम्हा दोघांनाही काही माहीत नाही. आज सांगितलंत तर ती फक्त आजीची बाटली आहे. कदाचित त्याला आजीची काही आठवण असेल, चिमूट घेऊन ती कुठे बसायची, बाटली कुठून आली म्हणायची. विकायची की ठेवायची, ठेवायची तर कुणाकडे, हे दोघांनी मिळून ठरवा. माझं मत विचाराल तर मी ठेवेन.

तोंडाचा वरून आणि तळाचा समोरून, शेजारी पट्टी ठेवून, दिवसाच्या उजेडातला एकेक फोटो मला पाठवा. पण भावाला फोन आधी करा, फोटो नंतर आले तरी चालतील.